ताटाबाहेरचं नाव

१

ताट होतं, ताटात तांदूळ होते, तांदळाच्या कडेनं मोगऱ्याची वेल होती, वेलीवर मोरही ऐटीत बसला होता. नाव तेवढं नव्हतं.

संघप्रियानं चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. कसबा बावड्यातल्या तिच्या कॉम्प्युटर क्लासचा तो जाडजूड मॉनिटर म्हातारा झाला होता खरा, पण समोरचं नाव गिळण्याइतका अजून बिघडला नव्हता.

"सूरज, ह्यातलं नाव कुठं गेलं रे?"

"त्यातच हाय की, आक्का," तिचा धाकटा भाऊ आतून ओरडला. बाहेर येऊन त्यानं पडद्याकडं पाहिलं आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. दोन दिवस बसून त्यानं ते नाव फोटोशॉपमध्ये एकेक मोती चिकटवून सजवलं होतं. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण मान दुखतेच.

हौस राजवीरची होती. उद्या त्याचं लग्न. त्याच्या घरात रीत अशी, की नवी सून आली की ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्यानं त्यात अंगठीनं तिचं नवं नाव लिहायचं, आणि त्या दिवसापासून माहेरचं नाव माहेरी. राजवीर पडला नव्या जमान्याचा. "तांदळात अंगठी फिरवत बसायचं दिवस गेलं. आपन डिजिटल करूया," असं त्यानं ठरवून टाकलं. ताटाच्या आकाराची एक नक्षीदार नावपाटी करायची, छोटी छापून खऱ्या ताटात ठेवायची आणि तीच मोठी करून स्टेजच्या मागं लावायची. नाव त्याच्या वडलांनी, हंबीररावांनी, आधीच ठरवलेलं होतं. राजलक्ष्मी.

तेवढ्यात राजवीरच प्रिंट न्यायला दारात हजर. रिकामं ताट पाहून त्याचा चेहरा उतरला.

"नव्यानं करून देतो संध्याकाळपत्तर," सूरज घाईघाईनं म्हणाला.

पण राजवीरचं लक्ष आता पडद्याकडं नव्हतंच. माऊसखालच्या पॅडच्या कडेला काहीतरी चमकत होतं. त्यानं ते चिमटीत उचललं. हिरव्या काचेच्या बांगडीचा तुकडा.

"काल हितं कोन आलतं?"

सूरजला खोटं बोलता येत नाही, हा त्याचा गुण म्हणा की दोष. "तुमची आई आल्ती, नाव कसं दिसतंय बघायला. आनि अनुजाताई. वरच्या पार्लरात मेंदी काढायला आलत्या त्या. दोनी हात वर धरून जिन्यावनं उतरत हुत्या. बघून येतो म्हनाल्या."

"अनुजाला फोटोशॉप येतंय," राजवीर हळू म्हणाला. "हितंच शिकलीया ती. आनि मगाशी बघून आलो, तिच्या हातात हिरव्या बांगड्या हायत."

त्यानं खिशातून मोबाइल काढला आणि वडलांचा नंबर दाबला.

२

हंबीररावांना खरं तर फोनची गरज नव्हती. पंचगंगेच्या त्या काठाला गेलेली म्हैस या काठावरून हाक मारून परत आणणारा माणूस. फोन राजवीरच्या कानाला होता, तरी प्रत्येक शब्द सगळ्या क्लासनं ऐकला.

"सून घरात पाय ठिवायच्या आदीच आमी दिल्यालं नाव पुसायला लागली व्हय? हळदीच्या आत मला उलगडा पायजे. तिनं क्येलं आसंल तर तिला चार मान्सांत माफी मागाय लावतो, मग अक्षदा!"

संघप्रियानं फोन मागून घेतला. "हंबीरकाका, मी संघप्रिया. फाईल माझ्या क्लासातनं गेलीय, तवा शोधायची जबाबदारी माझी. चारला सगळ्यांना घिऊन या. तवर त्या पोरीला कुनी काय बोलायचं न्हाय."

पलीकडून उत्तर आलं, "येतो चारला. पर चारलाच."

तिनं फोन राजवीरला परत दिला. अनुजा तिची लाडकी विद्यार्थिनी. गारगोटीहून बावड्यात मामाकडं राहायला आली आणि कॉलेज सांभाळून या क्लासला यायची. हळदीलाच जिच्या कपाळी माफी आली, तिला त्या घरात पुढं जन्मभर मान वर करता आली नसती. घरच्या माणसांनी एकदा ठेवलेलं बोट सहज निघत नाही.

तिनं भिंतीकडं पाहिलं. क्लासच्या त्या भिंतीवर नावंच नावं लावलेली. तिचा पहिला धडा ठरलेला होता: फोटोशॉप उघडा आणि स्वतःचं नाव सजवा. कुणी नावाला बर्फ लावला होता, कुणी आगीच्या ज्वाळा. अनुजानं नावाभोवती गारगोटीच्या शाळेतला गुलमोहर काढला होता.

हा धडा तिला कुठल्या पुस्तकात मिळाला नव्हता. तिच्या आजोबांचं नाव केरबा. आधीची मुलं जगली नाहीत म्हणून आईनं बाळ केरावर ठेवून उचललेलं, तेच नाव चिकटलं. छप्पन साली दीक्षा घेऊन आले तेव्हा आजोबांनी घरात सांगून ठेवलं, "माझं नाव आता माझ्याबरोबर जाऊ दे. पर ह्या घरात फुडं जे मूल यील त्याचं नाव आपन निवडायचं." संघप्रिया हे नाव त्यांनी तिच्या जन्माआधीच निवडून ठेवलं होतं. कुणी तिला पूर्ण नावानं हाक मारली, की आजही तिला मनातून त्या म्हाताऱ्याचे आभार मानावेसे वाटतात.

"सूरज, काल काय काय झालं ते सगळं सांग. कायबी गाळू नको."

"राजवीरच्या आई, धोंडुबाईकाकी, आल्या. आदी भिंतीवरची नावं वाचत बसल्या, एकेक अक्षर लावून. मग मी त्यांना पाटी दावली. ज्याला माऊसनं धराल ते हलतंय म्हनालो, तर त्यांनी मोर उचलून ह्या फांदीवरनं त्या फांदीवर ठिवला आनि लहान पोरीगत हासल्या. मग मी चहा आनाय गेलो. जिन्यात अनुजाताई भेटल्या. चहा घिऊन येतोय तवर लाईट गेली."

"मग?"

"मग काय, यूपीएस बोंबलाय लागला. पळत आलो, कंट्रोल एस दाबलं, मशीन बंद क्येलं. काकी दारातच हुत्या. चहा नको, उशीर झाला म्हनून गेल्या. अनुजाताई काय दिसल्या न्हाईत."

"सेव्ह करताना पडद्याकडं बघितलंस?"

सूरज ओशाळला. त्या वर्षी लोडशेडिंगनं साऱ्या जिल्ह्याला एकच सवय लावली होती: दिवा मिचकला की आधी सेव्ह, डोळे मागनं. वीजमंडळानं माणसांना दुसरी कुठली शिस्त इतक्या लवकर लावली नसेल.

३

लग्नघरात पाय ठेवायला जागा नव्हती. धोंडुबाई डब्यांत लाडू मोजून भरत होत्या. संघप्रियाला पाहताच त्यांनी उजव्या हातावर पदर ओढला.

"ये गं पोरी. बस. लाडू खा."

"काकी, काल तुमी क्लासात आलता. ताटातलं नाव गेलंय. तुमी निघाला तवा हुतं का?"

"गेलंय म्हंजे कुठं जातंय?" धोंडुबाई लाडवाकडंच बघत म्हणाल्या. "आसंल की तितंच कडंला. नीट बघितलासा न्हाय तुमी."

"राजवीर म्हनतोय अनुजानं पुसलं."

धोंडुबाईंचा हात डब्यातच थांबला. "तिनं? तिला कशाला मधी घेतलाय?"

"तिथं हिरव्या बांगडीचा तुकडा सापडला."

तेवढ्यात बाहेरून हंबीररावांची आरोळी आली, "आगं ए! मांडववाला आलाय!" धोंडुबाई ताडकन उठल्या. "काल सकाळी कासार यिऊन साऱ्या बायकांस्नी बांगड्या भरून गेला, तवापास्नं ह्या घरात कुनाला दम न्हाय बघ," असं काहीतरी पुटपुटत त्या निघून गेल्या. लाडू मात्र संघप्रियाच्या हातात ठेवून गेल्या.

४

अनुजा मामाच्या सोप्यात बसली होती. पायरीवर म्हातारा कासार बांगड्यांचं गाठोडं बांधत होता. अनुजाच्या हातावर मेंदी गडद रंगली होती आणि मनगटापासून वर हिरवा चुडा भरला होता. डोळे मात्र रडून सुजलेले. बातमी इथंही पोचली होती तर.

"अनुजा, तू पुसलंस?"

"न्हाय, मॅडम."

"नाव बदलायला नको हुतं तुला?"

अनुजानं खांदे उडवले. "कोन इचारलंय मला? राजवीर चांगला हाय. एका नावासाठी कशाला वाद, म्हनून गप बसलेलो."

"काल खाली आलतीस?"

"आलतो. काचेच्या दारापत्तर." ती थांबली. "आत न्हाई गेलो."

"का?"

अनुजानं मान खाली घातली. आतल्या खोलीत तिची आई हुंदके देत होती ते ऐकू येत होतं.

"कुनी क्येलं तुला म्हाईत हाय," संघप्रिया म्हणाली.

"मॅडम, हात जोडतो. तेवढं इचारू नका. मी मागतो माफी. एक दिवसाचं तर हाय."

एक दिवसाचं नव्हतं, हे दोघींनाही ठाऊक होतं. पण त्यापुढं अनुजाच्या तोंडून एक शब्द निघाला नाही.

५

क्लासवर परत येईपर्यंत तीन वाजून गेले होते. संघप्रिया पडद्यासमोर बसली आणि फाईलचे थर एकेक करून तपासू लागली. फोटोशॉपात पाटी थरांनी बनते: सगळ्यात खाली ताट, त्यावर तांदूळ, मग वेल, मग मोर, मग मोत्यांची अक्षरं. अक्षरांचा थर जागेवर होता. उघडा होता. पण त्यात काहीच दिसत नव्हतं.

"खोडरबरनं पुसलंय," सूरज म्हणाला.

"पुसनाऱ्याला एवढं मोती घासत बसायला येळ कुठला? थरच उडवला की झालं, एका बटनाचं काम. आनि अनुजानं क्येलं आसतं तर तिनं थराचा डोळा बंद क्येला आसता. मीच शिकवलंय तिला, काय उडवू नका, नुसतं झाका." ती विचारात पडली. "हे फोटोशॉप येनाऱ्याचं काम न्हवं, सूरज."

"मग कुनाचं?"

तिनं उत्तर दिलं नाही. तिच्या डोक्यात एक वाक्य घोळत होतं. सकाळी तिनं ते कानाआड केलं होतं. *आसंल की तितंच कडंला.*

तिनं तो थर निवडला आणि बाण दाबून हळूहळू डावीकडं सरकवू लागली. ताटात काही आलं नाही. अजून सरकवला. मग उजव्या कडेतून एक मोती आत आला, मागोमाग 'रा', मागोमाग अख्खं नाव, सूरजनं सजवलं होतं तसं, एक मोतीही न हललेलं.

"आयला!" सूरज ओरडला. "कुनीतरी उचलून भाईर ठिवलंय!"

खाली गाडी थांबल्याचा आवाज आला. जिन्यावर पावलं वाजू लागली, आणि त्यांच्या पुढं हंबीररावांचा आवाज.

६

सगळे आले. हंबीरराव खुर्चीत बसले, राजवीर उभा राहिला. अनुजा मामाच्या मागं, आणि धोंडुबाई दाराशी, पदर अजून हातावर तसाच.

"काका, नाव पुसलेलं न्हाय," संघप्रियानं सुरुवात केली आणि नाव पुन्हा कडेबाहेर नेऊन परत आत आणून दाखवलं. "चौकटीभाईर ठिवलेलं. दिसत न्हवतं, एवढंच."

"पर ठिवलं कुनी?" राजवीरनं बांगडीचा तुकडा टेबलावर टाकला. "हे कुनाचं?"

"राजवीर, तू शिकलेला हैस, पर बायकांच्या हाताकडं कधी बघितलं न्हाईस. काल दुपारी अनुजाच्या हातावर ओली मेंदी हुती. ओल्या मेंदीवनं बांगड्या कोन भरतंय? सगळी मेंदी पुसून निघंल. तिचा चुडा आज भरलाय. कासार मी जाऊस्तवर पायरीवरच बसलेला. विचार मामांना."

मामांनी मान हलवली. "आज सकाळीच. माझ्यासमोर."

"आनि हा माऊस बघा. पांढरा हाय. ओल्या मेंदीच्या बोटानं धरला आसता तर डाग दिसला आसता. काल ह्या माऊसला अनुजानं हातच लावला न्हाय."

राजवीरचा चेहरा पडला. अनुजाची आई सोबत आली असती तर तिनं तिथंच पदरानं डोळे टिपले असते. मामांनी नुसता एक मोठा श्वास सोडला.

"मग कुनी?" हंबीरराव गरजले.

संघप्रियाला उत्तर माहीत होतं. काल दुपारच्या आधी बांगड्या भरल्या होत्या त्या फक्त नवऱ्याच्या घरी. आणि माऊसनं वस्तू उचलून दुसरीकडं ठेवायची, एवढी एकच विद्या काल या खोलीत एका माणसाला मिळाली होती. पण तिनं अनुजाकडं पाहिलं. या पोरीनं जे झाकलं ते आपण उघडं करायचं का? तिला ठरवता येईना.

"काका, अनुजानं न्हाय क्येलं. माझी जबाबदारी तेवढीच हुती."

"मी क्येलं," दाराशी आवाज आला.

धोंडुबाईंनी हातावरचा पदर काढला. मनगटावर एक बारीक ओरखडा होता.

"पुसलं न्हाय. मला पुसायला येत बी न्हाय. ते राजलक्ष्मी जरा कडंला सारलं. मागनं परत जाग्याव आनायचं हुतं, पर ते दिसंनाच झालं. तेवढ्यात लाईट गेली, दचकलो, हात टेबलाला आपटला आनि बांगडी वाढली. लग्नघरात बांगडी वाढली कसं सांगू? तशीच गेलो."

"पर सारलं कशाला, आई?" राजवीरनं विचारलं.

धोंडुबाई भिंतीवरच्या नावांकडं बघत होत्या.

"त्या ताटात माझं नाव कसं दिसलं आसतं, ते बघायचं हुतं. धोंडुबाई न्हवं. ते ह्यांच्या आजीचं. ती वारली त्याच साली मी ह्या घरात आलो, म्हनून तेच लिवलं तांदळात. मला तवा वाचाय येत न्हवतं. शेजारच्या बाईनं कानात सांगितलं, तू आता धोंडुबाई." त्यांचा आवाज कापरा झाला. "आई मला बना म्हनायची. माझा भाऊ जोतीराम हुता तवर तो 'बनाक्का' म्हनून हाक मारायचा. तो गेला आनि हाक मारनारंबी कोन ऱ्हायलं न्हाय."

हंबीरराव कधी नव्हे ते हळू बोलले. "मला कधी बोलली न्हाईस."

"तुमी कधी इचारलासा?"

मग धोंडुबाई अनुजापाशी गेल्या. तिचे मेंदीचे हात त्यांनी आपल्या दोन्ही हातांत घेतले. "ह्या पोरीनं मला काचंतनं रडताना बघितलं हुतं. ती आत आली न्हाय, मागं फिरली. सकाळपास्नं तुमी हिच्यावर आळ घेतलासा, मीबी डरपोकागत लाडू भरत बसलो, पर हिनं तोंड उघडलं न्हाय. मला पोटची लेक न्हाय. असती तरी इतकं राखली आसती का, काय म्हाईत. माझ्यावर लई उपकार झालं गं तुझं."

"आत्या, असं काय म्हनताय," अनुजा म्हणाली आणि मग दोघीही रडू लागल्या. सूरज घाईघाईनं पाणी आणायला आत गेला आणि बराच वेळ आला नाही.

राजवीर अनुजासमोर येऊन उभा राहिला. "चुकलो मी. चार मान्सांत माफी मागायची हुती नव्हं? घे, मागतो." आणि थोडं थांबून म्हणाला, "तुला कुठलं नाव पायजे?"

"राजलक्ष्मी चांगलंच हाय की," अनुजा डोळे पुसत म्हणाली. "पर अनुजा म्हटलं की मी वळून बघतो."

हंबीररावांनी पडद्याकडं, मग बायकोकडं, मग पुन्हा पडद्याकडं पाहिलं. "घाल बाबा मग अनुजा त्यात," ते सूरजला म्हणाले. "मोती तेच लाव. वाया कशाला घालवायचं?"

जाता जाता धोंडुबाई मागं राहिल्या. संघप्रियानं त्यांना खुर्चीत बसवलं, हात माऊसवर ठेवायला लावला. "काकी, माझ्या क्लासात पहिला धडा एकच आसतोय."

७

दुसऱ्या दिवशी कार्यालयात स्टेजच्या मागं ताट झळकलं, त्यात मोत्यांचं 'अनुजा', आणि मोर धोंडुबाईंनी ठेवला होता त्याच फांदीवर. पाहुणे मंडळी कुजबुजली, एका म्हातारीनं नाक मुरडलं, मग पंगत बसली आणि सगळे जिलेबीकडं वळले.

वरमाईच्या पैठणीवर एक छोटी पाटी टाचलेली होती. अनुजानंच ती टाचली होती, अक्षदा पडल्यावर लगेच. भोवती मोगऱ्याची वेल, मधे दोनच अक्षरं, थोडी वाकडी, कारण ती शिकणाऱ्याच्या हातची होती. धोंडुबाई ती पदराखाली झाकत होत्या आणि थोड्या वेळानं पदर आपोआप सरकत होता.

संघप्रिया पंगतीत बसून ते पाहत होती. आजोबा आज इथं असते तर, असं तिला वाटलं आणि तिचा घास तसाच हातात राहिला.

तेवढ्यात पंगतीच्या त्या टोकाला हंबीररावांना वाढप्यांकडं मीठ सापडेना. त्यांनी मान वर केली, तोंड उघडलं, आणि सगळे सवयीनं 'आगं ए' ऐकायला सावध झाले.

"बना!"

पंगतीतल्या माना वळल्या. धोंडुबाई ताटात पापड वाढतच राहिल्या. त्या हाकेला ओ द्यायची सवयच राहिली नव्हती.

"बना, आगं मीठ कुठाय?"

या खेपेला त्यांचा हात थांबला. त्या सावकाश सरळ झाल्या, पदर पाटीवरून बाजूला केला आणि इतक्या मोठ्यानं बोलल्या की पंचगंगेच्या त्या काठाला ऐकू जावं.

"व्हय! आलो!"